ढेकणाला नाव देणारा डॉक्टर

आपल्याकडे ढेकूण दोन प्रकारचे. एक बाजेच्या सुतळीत, भिंतीच्या भेगेत आणि गादीच्या शिवणीत राहतो. दुसरा कपाशीच्या उमललेल्या बोंडावर बसतो. तो तांबडा असतो, पंखांवर काळे ठिपके आणि पोटावर पांढरे आडवे पट्टे असतात. पहिल्याला आपण नुसते ढेकूण म्हणतो, दुसऱ्याला लाल ढेकूण किंवा लाल ढेकण्या. सोनपेठच्या काळ्या रानात कापूस वेचणाऱ्या बाया हे दोन्ही ढेकूण चांगले ओळखतात. एक दिवसा रानात भेटतो, दुसरा रात्री घरात.

नाव एकच असल्यामुळे एक घोटाळा मात्र होतो. लाल ढेकणासाठी आणलेल्या औषधाची उरलेली बाटली घरी येते आणि एखाद्या रात्री बाजेवर शिंपडली जाते. ढेकूण तो ढेकूण, मग औषध तेच चालेल, असा सरळ हिशेब असतो. तो किती महागात पडू शकतो, हे सरकारी दवाखान्यात काम करणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला ठाऊक आहे.

कोणत्या जिवाला काय म्हणायचे, कोणाला एका घराण्यात बसवायचे आणि कोणाला वेगळे काढायचे, हा प्रश्न ज्या माणसाने जन्मभर सोडवला, तोही पेशाने डॉक्टरच होता. त्याचे नाव कार्ल लिनियस. घरातल्या ढेकणाला शास्त्रीय नाव त्याने दिले. रानातल्या ढेकणाला ते त्याच्या एका शिष्याने दिले, दुसऱ्या शिष्याच्या सन्मानार्थ.

पाद्र्याचा मुलगा

लिनियसचा जन्म २३ मे १७०७ रोजी दक्षिण स्वीडनमधल्या रोशुल्ट या खेड्यात झाला. वडील निल्स चर्चमध्ये धर्मोपदेशक होते आणि त्यांना बागेचा नाद होता. त्या भागात सामान्य माणसांना आडनाव नसे, बापाच्या नावावरूनच मुलाची ओळख चाले. विद्यापीठात गेल्यावर आडनाव लागले, तेव्हा निल्स यांनी घराजवळच्या एका मोठ्या लिंडेन वृक्षावरून लिनियस हे नाव घेतले. जगाला नावे देणाऱ्या माणसाचे स्वतःचे नाव असे झाडावरून आलेले आहे.

मुलानेही पाद्री व्हावे, अशी घरच्यांची इच्छा होती. शाळेत मात्र कार्लचे लक्ष धर्मशास्त्रात लागेना. तो रानात फुले गोळा करत हिंडायचा. मास्तरांनी वडिलांना सांगितले की पोराला एखाद्या कारागिराच्या हाताखाली घाला. त्या वेळी योहान रोथमन नावाचे डॉक्टर मध्ये पडले. ते त्याच शाळेत शिकवत. मुलगा पाद्री होणार नाही, पण चांगला वैद्य होईल, असे त्यांनी वडिलांना पटवले आणि स्वतः त्याला शरीरशास्त्र व वनस्पतीशास्त्र शिकवले. त्या काळात औषधे म्हणजे मुख्यतः झाडपालाच होता. त्यामुळे वनस्पती ओळखता येणे हा वैद्यकीचा पायाच समजला जाई.

१७२७ मध्ये तो लुंड विद्यापीठात गेला आणि दुसऱ्या वर्षी उप्सालाला. पैसे संपले, बूट फाटले, तेव्हा आत कागद घालून तो चालत राहिला. उप्सालाच्या बागेत ओलॉफ सेल्सियस या विद्वान धर्मगुरूंनी त्याला झाडे न्याहाळताना पाहिले, त्याचे ज्ञान पारखले आणि आपल्या घरी ठेवून घेतले. तापमापकामुळे आपल्याला माहीत असलेले सेल्सियस हे त्यांचे पुतणे. १७३२ मध्ये लिनियस उत्तरेकडच्या लॅपलँडमध्ये सुमारे पाच महिने फिरला. झाडे, कीटक, पक्षी आणि तिथल्या सामी लोकांचे खाणेपिणे व घरगुती औषधे, सगळे तो वहीत टिपत गेला.

चुकलेला प्रबंध

डॉक्टर होण्यासाठी तेव्हा स्वीडनमधले तरुण हॉलंडला जात. लिनियस १७३५ मध्ये हार्डरवेक या गावी पोहोचला आणि आठवड्याभरात पदवी घेऊन बाहेर पडला. प्रबंध त्याने आधीच लिहून नेला होता. विषय होता हिवतापाचा. चिकणमातीच्या जमिनीत राहणाऱ्यांना हिवताप जास्त होतो, हे त्याने पाहिले होते. त्यावरून मातीचे कण पाण्यातून शरीरात जाऊन हा ताप येतो, असा तर्क त्याने मांडला.

निरीक्षण बरोबर होते, निष्कर्ष चुकला. चिकणमातीत पाणी साचते आणि साचलेल्या पाण्यात डास होतात. त्यातला डास हा दुवा सापडायला पुढे दीडशेहून अधिक वर्षे लागली. १८९७ मध्ये सिकंदराबादेत, म्हणजे आपला मराठवाडा ज्या निजामाच्या मुलखात होता तिथेच, रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू दिसला. कीटकांची नावे लिहिण्यात हयात घालवलेल्या लिनियसला डासही चांगला ठाऊक होता, पण त्या दोन गोष्टी त्याच्या हातून जोडल्या गेल्या नाहीत.

त्याच वर्षी हॉलंडमध्ये त्याचे एक पुस्तक निघाले. पाने मोठी, पण संख्येने दहा-बारा. नाव होते सिस्टिमा नॅचुरे, म्हणजे निसर्गाची व्यवस्था. खनिजे, वनस्पती आणि प्राणी यांची वर्ग, गण, प्रजाती अशी उतरंड त्यात मांडली होती. गावाला जसा तालुका, तालुक्याला जिल्हा, तशीच ही रचना होती. कुठलाही नवा जीव सापडला की त्याचा पत्ता लिहिता यावा, हा त्यामागचा हेतू.

डॉक्टर लिनियस

१७३८ मध्ये तो स्वीडनला परतला आणि स्टॉकहोममध्ये दवाखाना थाटला. सुरुवातीला कोणी फिरकेना. मग गुप्तरोगांनी पछाडलेले तरुण येऊ लागले, त्यांना गुण आला आणि कर्णोपकर्णी नाव पसरले. वर्षभरात नौदलाचा वैद्य म्हणून नेमणूक झाली. १७३९ मध्ये सारा मोरेया हिच्याशी लग्न झाले आणि त्याच वर्षी स्वीडनची विज्ञान अकादमी स्थापन करणाऱ्यांत तो होता. १७४१ मध्ये उप्साला विद्यापीठात वैद्यकाचा प्राध्यापक झाला आणि अखेरपर्यंत तिथेच राहिला.

पुढे जग त्याला वनस्पतीशास्त्रज्ञ म्हणून ओळखू लागले, पण त्याची खुर्ची वैद्यकाची होती. औषधी वनस्पतींवर त्याने पुस्तक लिहिले, आहारावर व्याख्याने दिली, रोगांचेही वर्गीकरण केले. १७५७ मध्ये त्याच्या देखरेखीखाली एका विद्यार्थ्याने प्रबंध सादर केला. काही सांसर्गिक रोग डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळे होत असावेत, असे त्यात म्हटले होते. खरजेचा किडा हे त्यातले ठळक उदाहरण. जंतूंचा सिद्धांत सर्वमान्य व्हायला अजून शंभर वर्षे होती. तपशिलात बऱ्याच चुका असल्या तरी दिशा बरोबर होती.

स्वतःच्या शरीरावरही त्याचे प्रयोग चालत. संधिवाताने तो हैराण असे. एकदा रानटी स्ट्रॉबेरी खाल्ल्यावर दुखणे उतरले, म्हणून पुढे हंगामात तो त्या भरपूर खाई. आज आपण त्याला उपचार म्हणणार नाही, पण पेशंट म्हणून त्याची धडपड कळते.

दोन शब्दांचे नाव

त्याआधी एखाद्या झाडाचे शास्त्रीय नाव म्हणजे लॅटिनमधले आठ-दहा शब्दांचे वर्णन असे. दर विद्वानाचे वर्णन वेगळे. लिनियसने ते दोन शब्दांवर आणले. पहिला शब्द घराण्याचा, दुसरा त्या प्रजातीचा. १७५३ मध्ये वनस्पतींना आणि १७५८ मध्ये प्राण्यांना त्याने ही पद्धत सरसकट लावली. आंब्याचे मँजिफेरा इंडिका हे नाव त्याचेच. आपल्या देशी कापसाचे गॉसिपियम अर्बोरियम हे नावही त्याचेच. आज बहुतेक शेतांत दिसणाऱ्या अमेरिकन जातीच्या कपाशीला गॉसिपियम हिर्सुटम हे नाव त्यानेच १७६३ मध्ये दिले.

१७५८ च्या आवृत्तीत सुमारे ४,४०० प्राणी होते. त्यांत घरातला ढेकूण सायमेक्स लेक्ट्युलॅरिअस या नावाने आला. सायमेक्स हा ढेकणासाठीचा जुना लॅटिन शब्द आणि लेक्ट्युलॅरिअस म्हणजे बिछान्याचा. याच सायमेक्स घराण्यात लिनियसने झाडांवर राहणारे अनेक रस शोषणारे किडेही बसवले. म्हणजे मराठी शेतकऱ्याने जे केले, तेच उप्सालाच्या प्राध्यापकाने केले. घरातला आणि रानातला, दोघांना एकच नाव.

दोघांचेही चुकले नव्हते. हे किडे खरोखरच भाऊबंद आहेत. दोघांचे तोंड म्हणजे पोटाखाली दुमडून ठेवलेली सोंड असते. आत सुईसारख्या बारीक शलाका असतात आणि त्यांतून दोन नळ्या तयार होतात. एकीतून लाळ आत जाते, दुसरीतून रस वर येतो. दोघांतही अळी आणि कोष या अवस्था नसतात. अंड्यातून निघालेले पिल्लू आईबापासारखेच दिसते आणि पाच वेळा कात टाकून मोठे होते. दोघांनाही एक विशिष्ट वास असतो. या मोठ्या गटाला लिनियसने हेमिप्टेरा, म्हणजे अर्धपंखी, असे नाव दिले, कारण रानातल्या बहुतेक ढेकणांचा पुढचा पंख अर्धा जाड आणि अर्धा पातळ असतो.

पण भाऊबंद असले तरी दोघांचे संसार पूर्ण वेगळे. घरचा ढेकूण जेमतेम पाच मिलिमीटर, चपटा, तपकिरी आणि बिनपंखी. तो रक्तावरच जगतो, आणि प्रत्येक कात टाकण्याआधी त्याला एकदा रक्त प्यावे लागते. उपाशीपोटी तो कित्येक महिने तग धरू शकतो. लाल ढेकूण त्याच्या दुपटी-तिपटीने लांब आणि उघड्यावर वावरणारा. तो माणसाचे रक्त पीत नाही. त्याला हवी असते सरकी. बोंडात सोंड खुपसून तो सरकीतला रस शोषतो, त्या वाटेने बुरशी आणि जिवाणू आत शिरतात, रुईवर पिवळे-तांबूस डाग पडतात आणि कापसाचा भाव पडतो. भेंडी आणि अंबाडीवरही तो येतो, कारण ती झाडे कपाशीच्याच कुळातली. एक आपली झोप नेतो, दुसरा आपले पैसे.

पुढच्या अभ्यासकांनी लिनियसचे हे एकत्र कुटुंब विभागले. शेवटी सायमेक्स हे नाव घरातला ढेकूण आणि वटवाघळांवर वगैरे जगणारे त्याचे काही जवळचे नातलग यांच्याकडेच राहिले. रानातल्यांना वेगवेगळी घराणी मिळाली.

शिष्य भारतात

लिनियस स्वतः दूरदेशी गेला नाही. त्याने शिष्य पाठवले. कोणी जपानला गेले, कोणी अरबस्तानात, कोणी कॅप्टन कुकच्या जहाजावर. त्यांतले अनेक जण तापाने, उपासमारीने परमुलखातच गेले आणि गुरूला त्याची खंत राहिली.

योहान गेरहार्ड कोनिग हा असाच एक शिष्य, तोही डॉक्टर. जन्म १७२८ चा, बाल्टिक किनाऱ्यावरच्या मुलखातला. उप्सालात लिनियसकडे शिकून १७६८ च्या सुमारास तो तामिळनाडूच्या किनाऱ्यावरच्या ट्रँकेबार या डॅनिश वसाहतीत मिशनचा वैद्य म्हणून आला. रुग्ण तपासायचे आणि उरलेल्या वेळात झाडे-किडे गोळा करून युरोपात पाठवायचे, हा त्याचा दिनक्रम. पगार पुरेना म्हणून पुढे त्याने अर्काटच्या नवाबाकडे आणि नंतर ईस्ट इंडिया कंपनीकडे नोकरी धरली. १७८५ मध्ये काकीनाडाजवळ आमांशाने त्याचा अंत झाला. लोकांचे जुलाब-आव बरे करणारा वैद्य शेवटी त्याच आजाराने गेला.

दुसरा शिष्य योहान ख्रिश्चन फॅब्रिशियस, डेन्मार्कचा. त्याने सुमारे दहा हजार कीटकांना नावे दिली. १७७५ च्या आपल्या ग्रंथात त्याने तांबड्या ढेकणाला कोनिगचे नाव दिले. तोच आजचा डिस्डर्कस कोनिगी. आपल्या कपाशीवरचा लाल ढेकूण असा एका परदेशी डॉक्टरचे नाव मिरवतो आहे.

फॅब्रिशियसने आणखी एक काम केले. १८०३ मध्ये त्याने बिछान्यातल्याच एका दुसऱ्या ढेकणाचे वर्णन केले. तो आज सायमेक्स हेमिप्टेरस म्हणून ओळखला जातो. लिनियसचा ढेकूण थंड हवेचा, हा उष्ण प्रदेशातला, आणि आपल्याकडे प्रामुख्याने हाच आढळतो. डोक्यामागच्या खांद्यासारख्या भागाच्या कडा लिनियसच्या ढेकणात रुंद आणि पसरट, तर याच्यात अरुंद असतात. एवढाच काय तो फरक, तोही भिंगाखाली दिसणारा. चावा मात्र दोघांचा सारखाच.

नावाची दुसरी बाजू

लिनियसची एक गंभीर चूकही सांगितली पाहिजे. माणसाला त्याने होमो सेपियन्स हे नाव देऊन माकडांच्या शेजारी बसवले, हे धाडस होते. पण पुढे त्याने माणसांचे खंडांनुसार आणि वर्णानुसार चार प्रकार केले आणि त्यांना स्वभाव चिकटवले. युरोपातल्यांना चांगले गुण, बाकीच्यांना आळस, लोभ, लहरीपणा. यात निरीक्षण नव्हते, पूर्वग्रह होता. पुढच्या काळात वंशभेदाला शास्त्राचा मुलामा देणाऱ्यांना ही मांडणी सोयीची ठरली. नाव देणाऱ्याच्या हातात किती ताकद असते, हे यावरून कळते.

१७७४ मध्ये त्याला पक्षाघाताचा झटका आला. नंतर स्मृती जात राहिली. स्वतःचीच पुस्तके समोर ठेवली तर तो त्यांची तारीफ करी, पण ती आपली आहेत हे त्याला कळत नसे, असे सांगतात. १० जानेवारी १७७८ रोजी तो गेला. उप्सालाच्या कॅथीड्रलमध्ये त्याला पुरले. त्याचा संग्रह पत्नीने १७८४ मध्ये जेम्स एडवर्ड स्मिथ या इंग्रज तरुणाला विकला. हा तरुणही वैद्यकाचाच विद्यार्थी होता. १७८८ मध्ये त्याने लंडनमध्ये लिनियन सोसायटी स्थापन केली आणि तो संग्रह आजही तिथेच जपून ठेवलेला आहे.

आपल्यासाठी धडा

लिनियसची पद्धत दवाखान्यात रोज उपयोगी पडते. आधी ओळख, मग नाव, मग उपाय.

अंगावर खाज आली की पहिला प्रश्न, खाज कसली? उघड्या राहणाऱ्या भागावर, ओळीने उठलेल्या गांधी, चादरीवर रक्ताचे टिपके आणि शिवणीत काळे कण असतील तर ढेकूण. बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, कमरेला रात्री वाढणारी खाज आणि घरातल्या सगळ्यांनाच ती असेल तर बहुधा खरूज. खरजेचा किडा ढेकणाचा नातलग नाही. तो कातडीत राहतो, आणि त्याला डॉक्टरांनी दिलेले मलम घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी लावावे लागते. खरजेवर बाज धुऊन उपयोग नाही आणि ढेकणावर मलम लावून उपयोग नाही.

ढेकणामुळे एड्स किंवा कावीळ होते का, असे लोक विचारतात. ढेकूण चावल्याने असा कुठलाही रोग माणसाला होतो, असे सिद्ध झालेले नाही. त्याचा त्रास म्हणजे खाज, खाजवून झालेली जखम आणि गेलेली झोप. फार ढेकूण असतील तर लहान मुलांत रक्त कमी होऊ शकते. म्हणून ढेकूण घालवायलाच हवेत, पण त्यांच्यासाठी जीव धोक्यात घालण्याचे कारण नाही.

उपाय साधा पण चिकाटीचा आहे. बाजेचे सांधे, सुतळी आणि फटी यांत उकळते पाणी ओता. चादरी, वाकळा, कपडे कढत पाण्यात भिजवा आणि मग उन्हात वाळवा. नुसते ऊन पुरत नाही, कारण ढेकूण सावलीच्या फटीत सरकतो. भिंतीच्या भेगा बुजवा. अंड्यांतून नवी पिल्ले निघत राहतात, म्हणून आठवड्याच्या अंतराने हे तीन-चार वेळा करा.

कपाशीचे कीटकनाशक घरात, बाजेवर, गादीवर कधीही वापरू नका. ते उघड्या रानासाठी असते. बंद खोलीत त्याचा वास घेत आणि त्या गादीला अंग लावून रात्रभर झोपणारे लेकरू ढेकणाच्या आधी बाधित होते. धान्यात ठेवायच्या गोळ्या ढेकणांसाठी झोपायच्या खोलीत ठेवणे तर जिवावरचे. त्यांतून निघणाऱ्या विषारी वायूवर उतारा नाही. लाल ढेकणासाठीसुद्धा दर वेळी फवारणी लागतेच असे नाही. थोडे असतील तर ते रॉकेल टाकलेल्या पाण्यात झटकून मारता येतात आणि वेचणी वेळेवर केली तर नुकसान कमी होते. फवारायचेच असेल तर कृषी सहायक किंवा परभणीच्या कृषी विद्यापीठाचा सल्ला घ्या, तोंडाला फडके आणि हातांना मोजे बांधा आणि वाऱ्याकडे पाठ ठेवा. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने किती घरे उघडी पडली, हे आपण विसरलेलो नाही.

फवारणीनंतर किंवा घरात औषध मारल्यानंतर कोणाला दरदरून घाम, तोंडाला पाणी, उलटी, डोळ्यांपुढे धूसर, स्नायू थरथरणे किंवा दम लागणे असे झाले तर घरगुती उपाय करत बसू नका. मोकळ्या हवेत न्या, कपडे काढून अंग साबणाने धुवा, १०८ ला फोन करा. आणि बाटली किंवा तिचे लेबल सोबत आणा. शेतकऱ्याच्या खिशातले ते लेबल आमच्यासाठी सगळ्यात मोलाचे असते, कारण विषाचे नाव कळले की उताऱ्याचे नाव ठरते. नाव कळेपर्यंतही आम्ही उपचार करतोच, पण अंधारात चाचपडत. त्यात जाणारी मिनिटे पेशंटची असतात.